एका वेळी एकच स्क्रू

रिचमंड हिलमधल्या त्या गल्लीत रात्रीतून किती बर्फ पडला हे कुणी फोनवर बघत नसे. पडदा सारायचा आणि वझलवारांच्या ड्राइव्हवेकडे बघायचं. हेमचंद्र वझलवार, वय शहात्तर, डोक्यावर कानटोपी, कानटोपीवर जॅकेटची टोपी, हातात बर्फ ढकलायचं फावडं म्हणजे शोव्हल आणि खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. आधी पट्टी बर्फात खुपसायची, आकडा वहीत लिहायचा आणि मग कामाला लागायचं. बाकीची गल्ली बर्फ कसाबसा बाजूला ढकलून ऑफिसला पळायची. हे बर्फाची फाइल ठेवायचे. कडा इतक्या सरळ, की समोरच्या घरातल्या अरुणा म्हणायच्या, काका बर्फ काढत नाहीत, वड्या पाडतात.

या अरुणा म्हणजे पन्नाशीच्या पुढची, जिभेला ब्रेक नसलेली बाई. गल्लीतल्या प्रत्येकाला त्यांनी एकेक टोपणनाव बहाल केलं होतं आणि हेमचंद्रांच्या वाट्याला 'गेजकाका' आलं होतं. ते नाव काही हवेतून आलेलं नव्हतं. हेमचंद्र चौऱ्याहत्तर साली नागपूरहून इंजिनियर होऊन इकडे परदेशात आले आणि एका कोळशाच्या वीजकेंद्रात लागले, ते एकतीस वर्षं तिथंच. काम काय, तर गेज तपासायचे. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, तेलाचं तापमान दाखवणारे शेकडो काटे. काटा खरं सांगतोय की थाप मारतोय, हे बघणारा माणूस.

त्या धंद्याचे दोन नियम होते. पहिला असा, की गेजला हात लावण्याआधी तो जसा सापडला तसा आकडा लिहायचा. त्या रकान्याला म्हणायचे 'ॲज फाउंड'. मग दुरुस्ती करायची आणि सोडताना जो आकडा असेल तो शेजारच्या 'ॲज लेफ्ट'च्या रकान्यात. दुसरा नियम असा, की एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा. दोन एकदम फिरवलेत, तर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

माणूस निवृत्त झाला, नियम झाले नाहीत. फ्रीज, घर तापवणारी फर्नेस, विंटर टायर, सगळ्यांना रकाने पडले. एकदा त्यांनी वरणालाही लावले. ॲज फाउंड: मीठ कमी. ॲज लेफ्ट: ठीक. बायकोने, सुनंदाकाकूंनी, ती वही वाचली आणि म्हणाल्या, "जेवणारा कसा सापडला होता तेही लिहा ना एकदा. मी पन्नास वर्षं दुरुस्त करते आहे, आकडा काही हलत नाही."

हेमचंद्रांची एक गोष्ट इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना पाठ होती. एकोणनव्वद साली, मार्चमध्ये, ते ड्युटीवर असताना नागपूरहून फोन आला की आई गेली. साहेब म्हणाला, घरी जा. हे म्हणाले, राउंड पुरा करून जातो. आणि डोळे पुसून त्यांनी सगळेच्या सगळे गेज तपासले, एकही चुकवला नाही. त्यांच्या पंचाहत्तरीला मंडळाने शाल दिली तेव्हाही ही गोष्ट माइकवरून सांगितली गेली आणि टाळ्या पडल्या. हेमचंद्र तेवढा वेळ आपल्या बुटांकडे बघत होते. लोकांना वाटलं, केवढी ही विनम्रता.

त्या शालीनंतर महिन्याभरात ते आजारी पडले. आजारी म्हणजे ताप नाही, खोकला नाही. जेवण सुटलं. पहाटेच जाग यायची आणि छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. आंघोळीला जायचं तर टॉवेल हातात घेऊन अर्धा-अर्धा तास पलंगाच्या कडेवर. आणि तोंडात एकच विषय: चौदा नंबरचं गेज. ते मी तपासलं होतं का? ते चुकलं असलं तर? बॉयलर फुटला तर? सुनंदाकाकू समजावून थकल्या. अहो, ते केंद्र बंद होऊन किती वर्षं झाली, त्याच्या धुराच्या चिमण्या पाडताना आपण दोघांनी इथं सोफ्यावर बसून टीव्हीवर पाहिल्या. हेमचंद्र ऐकायचे, मान हलवायचे, आणि दहा मिनिटांनी पुन्हा चौदा नंबर. जे उभंच नाही ते फुटेल कसं, हे त्यांनाही कळत होतं. पण कळून भीती जात नव्हती, हीच तर रड होती.

फॅमिली डॉक्टर लियाँग बाईंनी सगळं ऐकून घेतलं, रक्त तपासलं, आणि डिप्रेशन आहे असं सरळ सांगितलं. एक गोळी सुरू केली, सकाळी नाश्त्यानंतर. आणि गोळीबरोबर उमाकडे पाठवलं. उमा म्हणजे चाळिशीतली तमिळ थेरपिस्ट, दर गुरुवारी पन्नास मिनिटं, नुसतं बोलायचं. दोन्ही एकत्र चालू द्या, डॉक्टर म्हणाल्या. गोळीचा परिणाम दिसायला काही आठवडे जातील, बोलण्यालाही वेळ लागेल.

आता हे मंडळात सांगायचं कसं? सुनंदाकाकूंनी परस्पर जाहीर करून टाकलं की ह्यांचा गुडघा धरलाय, दर गुरुवारी थेरपीला जातात. तेवढंच अर्धं खरं. त्याचा परिणाम असा, की पुढच्या कार्यक्रमाला चौघांनी गुडघ्याची चौकशी केली, एकाने तेल सुचवलं, आणि हेमचंद्रांना अख्खी संध्याकाळ लंगडावं लागलं. जेवणानंतर ते विसरून दुसऱ्या पायाने लंगडू लागले. ते फक्त अरुणांनी टिपलं, आणि नवल म्हणजे कुणाला सांगितलं नाही.

मे महिन्यात सुरुवात झाली. जुलैत ते पुन्हा ग्रोसरीला जाऊ लागले. सप्टेंबरात सुनंदाकाकूंनी त्यांना बेसमेंटमधून शीळ घालताना ऐकलं आणि तिथंच जिन्यात बसून घेतलं. उमाकडे ते आधी पाहुण्याच्या घरी बसल्यासारखे बसायचे. कसं वाटतंय? छान. झोप? उत्तम. ती हसून पुन्हा विचारायची. हळूहळू ते बोलते झाले, लहानपणाबद्दल, कामाबद्दल. फक्त त्या मार्च महिन्याजवळ आले की गाडी वळवून दुसरीकडे न्यायचे.

एक कागद मात्र त्यांनी सही न करता परत दिला होता. उमाने आणि डॉक्टरांनी त्यांच्याबद्दल एकमेकींशी बोलावं, याला संमती देणारा कागद. उमाने दोनदा पुढे केला. हेमचंद्र म्हणाले, दोन तपासनीस एकमेकांना भेटले की त्यांचे आकडे एकमेकांकडे झुकतात. उमाने कागद ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

ऑक्टोबरात नागपूरहून भाचीचा फोन आला. मृणालिनीताई, सुनंदाकाकूंची थोरली बहीण, विसरायला लागली होती. आधी वस्तू, मग वार, आता माणसं. फोनवर आवाज ऐकला की अजून म्हणायची, "नंदे, कधी येतेस गं?" पण भाची म्हणाली, मावशी, यायचं तर लवकर ये. हिवाळ्यातच ये.

काकू दोन वर्षं गेल्या नव्हत्या. एक वर्ष असंच गेलं आणि एक ह्यांच्या आजारात. फोन ठेवला आणि कोथिंबीर निवडायला घेतली, जी आधीच निवडून झाली होती. हेमचंद्रांना दिसलं. ही जाणार नाही. मी बरा आहे याची खात्री झाल्याशिवाय ही माझ्या जवळून हलणार नाही. मुलगी गौरांगी मॉन्ट्रियलला, तिची नोकरी, तिचा संसार; ती येऊन-जाऊन किती राहणार?

आणि इथं हेमचंद्रांमधला तपासनीस जागा झाला. आपण बरे आहोत, पण कशाने? गोळीने की बोलण्याने? दोन्ही एकाच महिन्यात सुरू केली. दोन स्क्रू एकदम फिरवले. नवशिक्या पोराने असं केलं असतं तर त्यांनी त्याला दिवसभर स्टोअररूममध्ये बसवलं असतं. खात्री हवी तर एक स्क्रू मागे घेऊन बघायला हवं. मनातून त्यांना वाटत होतं की गोळी निरुपयोगी निघावी. बोलणं म्हणजे निदान दोन माणसांचा व्यवहार. गोळी म्हणजे आपल्या आत काहीतरी कायमचं वाकलं आहे याची रोजची पावती. बोलण्यानेच बरे झालो हे सिद्ध झालं, तर सुनंदा निश्चिंत जाईल. तिच्यासाठीच करतोय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते काही अगदी खोटं नव्हतं. तीच तर भानगड असते.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, इथं हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे घेतात त्या दिवसापासून, त्यांनी गोळी थांबवली. डॉक्टरांना सांगितलं नाही, उमाला नाही, बायकोला तर नाहीच. बघणाऱ्याला आधी माहीत असलं की बघणं बिघडतं, हे त्यांचं शास्त्र. काकू दर रविवारी सात खणांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या भरायच्या. हे रोज सकाळी एक उचलायचे, पाण्याचा घोट घ्यायचे, आणि गोळी खिशातून बेसमेंटमध्ये. तिथं एका स्वच्छ बाटलीवर त्यांनी चिकटपट्टी लावून तारीख घातली होती. चोरीलासुद्धा लेबल.

पहिला आठवडा वाईट गेला. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, जिना उतरताना कठडा धरावा लागायचा, आणि विनाकारण ते काकूंवर खेकसले, पोह्यांत शेंगदाणे का घातले म्हणून, जे ते स्वतः मागून घेत. वहीत लिहिलं: तात्पुरता धक्का, अपेक्षित. आणि खरंच, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ते सगळं ओसरलं. मग दोन-अडीच आठवडे लखलखीत. झोप चांगली, भूक चांगली, गुरुवारी उमाकडे गप्पा रंगलेल्या. त्यांनी वहीत दोनदा अधोरेखित करून लिहिलं: दुसरा स्क्रू अनावश्यक.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, काकू डबी भरत असताना, ते म्हणाले, "सुनंदा, तिकीट काढ."

त्यांनी वर पाहिलं. "खरंच? तुम्ही राहाल?"

"राहीन. खात्री करून सांगतोय."

काकूंनी वीस जानेवारीचं तिकीट काढलं. मृणालिनीताईला फोनवर सांगितलं, आणि तिकडून ती म्हणाली, नंदे, माझ्यासाठी तिकडची ती मऊ चादर आण. पाच मिनिटांनी तेच पुन्हा म्हणाली. काकूंनी दोन चादरी आणल्या.

डिसेंबरच्या मध्यावर आकडे उतरू लागले. आधी थोडे. पहाटेची जाग परत आली. मग जेवण कमी. हेमचंद्रांनी लिहिलं: दिवस लहान झाले म्हणून. मग लिहिलं: थंडी. मग लिहिणंच बंद झालं, आणि हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. गोळी परत सुरू करावी असं त्यांना वाटलं नाही असं नाही. पण मग तिकीट? खात्री करून सांगतोय, हे आपले शब्द? आता सांगितलं तर सुनंदा तिकीट रद्द करणार. न सांगावं तर वीस तारखेला ती विमानात आणि आपण इथं टॉवेल हातात घेऊन. बाटलीत रोज एक गोळी पडत राहिली आणि रोज ती बाटली उघडणं आदल्या दिवसापेक्षा जड होत गेलं. उमाचे दोन गुरुवार त्यांनी सर्दीचं कारण सांगून चुकवले. गौरांगीचा फोन आला, "बाबा, आर यू ओके? यू साउंड फ्लॅट," तर म्हणाले, लाइन खराब आहे.

काकूंना दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण त्यांची बॅग अर्धी भरून झाली होती. माणूस अर्ध्या भरलेल्या बॅगेजवळ उभा राहिला की त्याला काही गोष्टी जरा उशिरा दिसतात. यात त्यांना दोष देणारा अजून जन्मायचा आहे.

सात जानेवारीला, बुधवारी, चांगला फूटभर बर्फ पडला. सकाळी दहा वाजले, अकरा वाजले, वझलवारांचा ड्राइव्हवे तसाच. गल्लीत तीन पडदे सरकले. साडेअकराला हेमचंद्र बाहेर आले, शोव्हल घेऊन बर्फात मधोमध उभे राहिले, आणि तसेच राहिले. शोव्हल हातात, नजर खाली, टोपी नाही.

समोर अरुणा आपली गाडी झाडत होत्या. त्यांनी नेहमीसारखी हाळी दिली, "काय गेजकाका, पट्टी हरवली वाटतं? आज ॲज फाउंडच ठेवायचं का?"

रोजची थट्टा. रोज ते उलट काहीतरी बोलायचे. त्या दिवशी हेमचंद्रांनी वर पाहिलं, ओठ हलवले, आणि उभ्याउभ्या रडू लागले. आवाज न करता, शाळेत मार खाल्लेल्या मुलासारखे. अरुणा हातातला ब्रश टाकून रस्ता ओलांडून धावल्या. बावीस वर्षांच्या शेजारात त्यांना पहिल्यांदाच काय बोलावं ते सुचलं नाही. त्यांनी स्वतःची टोपी काढून काकांच्या डोक्यावर घातली, दंडाला धरलं आणि दार वाजवलं.

आत आल्यावर हेमचंद्र बूटही न काढता बेसमेंटमध्ये गेले. कार्पेटवर पाण्याचे ठसे. वर आले ते बाटली घेऊन. डायनिंग टेबलवर ठेवली.

"सदुसष्ट आहेत," ते म्हणाले.

काकूंनी बाटली उचलली. लेबल वाचलं. तारीख वाचली. बराच वेळ त्या बाटली हातात फिरवत राहिल्या. अरुणा जायला निघाल्या तर त्यांनी हातानेच थांब म्हटलं. एकटीने हे ऐकायची त्यांची तयारी नसावी. हेमचंद्रांनी तुटक तुटक सगळं सांगितलं. दोन स्क्रू, एक मागे घेतला, तुला निश्चिंत जाता यावं म्हणून.

"माझ्या तिकिटावर प्रयोग केलात तुम्ही," काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही. "मला काऊन नाही सांगितलं? मी काय गेज आहे तुमचं, की मला कळलं तर मी चुकीचा आकडा दाखवीन?"

काकूंनी बाटली टेबलवर ठेवली, फोन घेतला आणि उमाचा नंबर लावला. अरुणा तोवर बाहेर गेल्या आणि त्यांनी ड्राइव्हवे शोव्हल केला, वाकडातिकडा, पण पूर्ण. त्या दिवसापासून त्यांनी 'गेजकाका' म्हणायचं बंद केलं, आणि ते हेमचंद्रांच्या लक्षात आलं, आणि ते त्यांना त्या थट्टेपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. सुनंदाकाकूही उमाच्या खोलीत बसल्या. उमाने सगळ्यात आधी तोच प्रश्न विचारला जो आपल्या लोकांत कुणी विचारत नाही: जगणं नको असं वाटतं का, स्वतःला काही करावंसं वाटतं का? सरळ, डोळ्यांत बघून. हेमचंद्रांनी विचार केला आणि खरं सांगितलं, की मरावंसं वाटत नाही, पण उठावंसंही वाटत नाही. काकूंनी पर्समधून रुमाल काढला आणि तसाच हातात धरून ठेवला. उमाने विचारलं, तसं वाटायला लागलं तर कुणाला सांगाल? त्यांनी बायकोकडे बोट केलं. ती म्हणाली, चालेल, पण माझा आणि डॉक्टरांचाही नंबर लिहून घ्या.

मग तिने तो जुना कागद पुन्हा पुढे सरकवला. हेमचंद्रांनी सही केली. नंतर त्यांना विचारावंसं वाटलं ते विचारलं: "पण मग मला बरं कशाने वाटलं होतं? तुमच्यामुळे की गोळीमुळे?"

"मला माहीत नाही," उमा म्हणाली. "कदाचित कधीच कळणार नाही." मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, "तुमच्या सगळ्या यंत्रांना एकच स्क्रू असायचा का?"

हा प्रश्न म्हणजे अडाणीपणाचा कळस. हेमचंद्र कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा खुर्चीत सरळ झाले. त्यांनी समजावून सांगायला घेतलं, की नाही, दाबाच्या जुन्या यंत्रांना दोन असायचे. एक शून्याचा. खालचा आकडा जागेवर आणायला. दुसरा वरचा आकडा बसवायला. आणि त्यांची गंमत अशी, की वरचा फिरवला की शून्य सरकतं. शून्य नीट केलं की वरचा हलतो. मग पुन्हा वरचा, पुन्हा शून्य, असं आळीपाळीने करत राहायचं, दोन्ही बसेपर्यंत, कारण तिथं एकालाच धरून बसलं तर जन्मभर—

आणि ते थांबले. सुनंदाकाकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या तशा दिवशीही त्यांच्या नाकातून हसल्यासारखा काहीतरी आवाज आला.

पण म्हणून लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नये. डॉक्टर लियाँगनी त्याच दिवशी उमाशी बोलून घेतलं. हेमचंद्रांना त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की गोळी कधीतरी थांबवायचीच असेल तर आपण मिळून, हळूहळू, उन्हाळ्यात थांबवू. अशी एकाएकी नाही, आणि एकट्याने तर मुळीच नाही. पुन्हा कमी मात्रेपासून सुरुवात. पुन्हा आठवडे. पोट ढवळणं, ग्लानी, दर पंधरा दिवसांनी डॉक्टर, दर गुरुवारी उमा, आणि आता त्या दोघी एकमेकींना कळवत होत्या. डॉक्टरांना कळायचं की हे गुरुवारी किती बोलले, उमाला कळायचं की मात्रा कधी वाढली. काकूंनी तिकीट एप्रिलवर ढकललं. मृणालिनीताईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, बरं नंदे, चादर आण हं. तेव्हा अजून नंदे म्हणत होती.

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी, काकू खोलीत असताना, हेमचंद्र आपणहून म्हणाले की मला चौदा नंबरबद्दल सांगायचं आहे.

त्या दिवशी त्यांनी राउंड केलाच नव्हता. फोन आला, साहेब घरी जा म्हणाला, ते नको म्हणाले, आणि कागद घेऊन वॉशरूममध्ये गेले. आत कडी लावून बसले. दोन तास. एकाही गेजपाशी न जाता सगळे आकडे आठवणीने भरले. सगळे ॲज फाउंड, सगळे खोटे. चौदा नंबरपाशी पेन थांबलं, कारण त्याचा आदल्या वेळचा आकडा आठवेना. तिथं त्यांनी मनाला येईल तो लिहिला. नागपूरला जाऊन उपयोग नव्हता, पोहोचेपर्यंत सगळं उरकलं असतं, असं ते तेव्हाही म्हणाले होते आणि नंतरही. गेलेच नाहीत. वर्षाने गेले. आणि मग लोक त्या दिवसाची गोष्ट सांगायला लागले, शाल घालून, माइकवरून.

"आई गेल्यावर मी रडायला संडासात बसलो होतो," ते मराठीत म्हणाले, कारण हे इंग्रजीत म्हणता येईना. मग उमासाठी इंग्रजीत पुन्हा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्याहून अवघड गेलं.

काकूंना सदतीस वर्षांत हे माहीत नव्हतं. परत जाताना गाडी हेच चालवत होते. सिग्नलला म्हणाल्या, "एवढंच होतं का हो त्या गेजात?" आणि हिरवा झाला तरी ह्यांनी गाडी काढली नाही, मागच्याने हॉर्न दिला तेव्हा काढली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काकू गेल्या. गौरांगी चार दिवस येऊन राहिली आणि गेली. अरुणा रोज सकाळी नऊला कसलं ना कसलं निमित्त काढून यायच्या, कधी कढीपत्ता, कधी वर्तमानपत्र, जे हल्ली कुणीच वाचत नाही. डबीतला त्या दिवसाचा खण रिकामा आहे का, ते त्या बघायच्या आणि ते बघतायत हे हेमचंद्र बघायचे. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "अरुणा, गेजकाका म्हण गं. फार दिवस झाले." अरुणांनी तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, आधी त्या चहात साखर किती घातलीत त्याची नोंद दाखवा.

काकूंचा व्हिडिओ फोन आला तेव्हा इथं सकाळ होती आणि नागपुरात ऊन उतरत होतं. काकू गच्चीवर एकट्या बसल्या होत्या. केस विस्कटलेले.

"नाही ओळखलं," त्या म्हणाल्या. "चादर दिली तर म्हणाली, छान आहे हो. मला बाई म्हणाली. म्हणाली, बसा बाई, चहा घेऊनच जा. परक्या माणसाशी बोलतात तसं, अगदी छान."

हेमचंद्रांनी फोन थोडा जवळ घेतला.

"जानेवारीत ओळखलं असतं." काकूंनी पदराने मान पुसली. "तुमच्यामुळे झालं म्हणू का नको म्हणू, माझं काही ठरत नाहीये. आज नाही ठरत."

"ठरवू नकोस," ते म्हणाले. "वाटेल ते म्हण. मी ऐकतो."

दोघं तसेच फोनसमोर बसून राहिले. तिकडे कुणाच्या तरी कूलरचा आवाज, इकडे फ्रीजचा. मग भाचीने चहाला हाक मारली आणि काकू उठल्या. जाता जाता सवयीने विचारलं, घेतली का? त्यांनी डबी कॅमेऱ्यासमोर धरली. मंगळवारचा खण रिकामा होता.

फोन ठेवल्यावर हेमचंद्रांनी वही उघडली. बर्फ संपला होता, अंगणात चिखल होता, मोजण्यासारखं बाहेर काही नव्हतं. त्यांनी तारीख घातली आणि पहिल्या रकान्यात लिहिलं:

ॲज फाउंड: रडलो. अकरा मिनिटं. कारण माहीत आहे.

दुसरा रकाना त्यांनी कोरा ठेवला. गुरुवार अजून दोन दिवसांवर होता.